मांजराच्या मिशीनं ओढलेली रेघ

शैलाताई, तुझ्या थेंबात काहीतरी उगवलं आहे.

आज सकाळी मी थंड कपाटाचं दार उघडलं ते खरं म्हणजे कपाट रिकामं करायला. विभागप्रमुखांना ते दुसऱ्या कामासाठी हवं आहे आणि त्यांनी मला शनिवारपर्यंतची मुदत दिली आहे. तू गेल्यापासून त्या कपाटाला कोणी हात लावला नव्हता. दारावर तुझ्या हातची पट्टी अजून आहे, ‘उघडू नये, मुकुंदानेसुद्धा.’ ती वाचली, तरी उघडलं, ट्रे बाहेर काढला आणि फेकायच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. शेवटच्या ओळीतल्या ज्या थेंबातून तू मांजराच्या मिशीनं रेघ ओढली होतीस, त्या थेंबात, बरोबर त्या रेघेवर, बारीक बारीक स्फटिक उभे आहेत. इकडेतिकडे पसरलेले नाहीत, एका ओळीत आहेत. आणि ओळ शेवटाला जराशी वर गेली आहे. तुझी कुठलीही रेघ शेवटाला वर जायची, कॉलेजातल्या फळ्यावरचीसुद्धा.

मी रडलो, ताई. मग नाक पुसून पुन्हा पाहिलं, कारण पहिल्यांदा दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही तुझीच शिकवण.

आता हे दोहोंपैकी एक आहे. एकतर ते आपलं प्रोटीन आहे, ज्याच्यासाठी आपण इतकी वर्षं एकमेकांचं डोकं खाल्लं. नाहीतर ते मीठ आहे, म्हणजे थेंबातल्याच रसायनांचा कुठलातरी क्षार. काचेखाली दोन्ही सारखीच देखणी दिसतात. खरं काय ते कळायला त्यातला एक स्फटिक सुईनं मोडून पाहावा लागतो, आणि मोडायचं काम आपल्याकडे तुझं होतं. मी तेव्हा दुसरीकडे बघायचो. आता दुसरीकडे बघायची सोय राहिलेली नाही, म्हणून सुई बाजूला ठेवून आधी तुझ्याशी बोलत बसलो आहे.

कॉलेजनं तुझ्यासाठी शोकसभा घेतली. तुझं शिक्षण, नोकरी, पदं, सगळं वाचून दाखवलं आणि ते सगळं बरोबर होतं. जो तो उठून सांगत होता की मॅडम फार शांत स्वभावाच्या होत्या. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होतो, हे लोक कोणत्या बाईबद्दल बोलतायत? त्यात मांजर नव्हतं, पेढे नव्हते, आणि भांडणं तर नव्हतीच.

मी ज्या बाईला ओळखत होतो तिनं मला पहिल्याच दिवशी झापलं होतं. मी अकरावीत होतो. माझे वडील रेल्वेत, दुर्गच्या लाइनवर, तुझे वडील भिलाईच्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, हे आपलं सगळ्यांचंच होतं, म्हणून बाकीची पोरं तुला मॅडम म्हणायची आणि मी ताई. तू नुकतीच कॉलेजात लागली होतीस आणि संध्याकाळी घरी रसायनशास्त्र शिकवायचीस. तू काहीतरी समजावलंस, मी मान हलवली. तू खडू खाली ठेवलास.

‘‘मुकुंदा, समजलं नसन तं मान नको हलवू गा. मले राग येते.’’

त्यानंतर मी न समजता कोणापुढेच मान हलवलेली नाही. त्यामुळे माझं काही ठिकाणी नुकसान झालं, पण ते असू दे. मी बाहेर शिकलो, प्रोटीनचे आकार शोधून काढायचं काम हातात घेऊन परत भिलाईला आलो, आणि तू निवृत्त झालीस त्याच्या पुढच्या सोमवारी डबा घेऊन माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभी. मी म्हटलं, ताई, इथे तुला द्यायला पगार नाही. तू खुर्ची ओढून बसलीस.

‘‘पगार कोन मागून राह्यलं? मले एक टेबल दे, अन् लाखोरी दे.’’

तुझ्यासाठी लाखोळी म्हणजे नुसती डाळ कधीच नव्हती. इथले लोक तिला तिवरा म्हणतात. उभ्या धानातच ओल्या जमिनीवर तिचं बी फेकून देतात, आणि धान कापून झाल्यावर ती पाण्यावाचून, खतावाचून, कोणी बघो न बघो, वर येते. भंडाऱ्याकडच्या तुमच्या गावात तिचीच रानं होती. पण तिच्या दाण्यात थोडं विष असतं. एरवीच्या जेवणात कधीतरी आली तर सहसा बाधत नाही. दुसरं काहीच नसताना महिनोन्महिने तीच पोटात गेली, तर माणसाचे पाय जातात. तुझ्या आईच्या वडिलांचे गेले होते.

काकूंनी, तुझ्या आईनं, ते मला एकदा तुमच्या कुरुदच्या घरी ओट्यावर बसून सांगितलं. तूही तिथेच होतीस, मांजर मांडीवर घेऊन.

‘‘त्या साली पानी नाई आलं. घरात लाखोरीच होती. सकाळी तिचीच भाकर, संध्याकाळी तिचंच पिठलं. एक दिवस बाप उठला तं टाच जमिनीले टेकेना. मंग चवड्यावर चाले, गुडघे एकमेकाले घासत. मंग काठी. मंग दोन काठ्या. थ्या लाखोरीले मी ह्या घरात येऊ देनार नाई.’’

‘‘आई, थ्यात लाखोरीचा दोष नाई,’’ तू म्हणालीस.

‘‘मंग कोनाचा?’’

तू गप्प बसलीस. तुला गप्प बसलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे. मला वाटतं, काकूंचा तो ‘मंग कोनाचा’ तू माझ्या प्रयोगशाळेत घेऊन आलीस. आपण केलेलं सगळं काम त्या एका प्रश्नाचं उत्तर होतं. तुला स्वतःला लाखोळी फार आवडायची, हे काकूंना माहीत नव्हतं. मैत्रिणीकडे तिवऱ्याची भाजी खाऊन यायचीस आणि घरी येऊन भूक नाही म्हणायचीस. काकूंना ते माहीत असणार, असं मला आता वाटतं.

उत्तर तसं सापडलेलं होतं. लाखोळीच्या झाडात एक एन्झाइम आहे, म्हणजे कामाला लागलेलं एक प्रोटीन. ते दोन साधे तुकडे उचलतं, आपल्या खोलगट कप्प्यात शेजारी शेजारी बसवतं आणि जोडून त्यांचं विष करतं. दोष असलाच तर ह्या एकट्या कारागिराचा. त्याला थांबवायचं तर तो तुकडे कसे धरतो ते बघायला हवं, आणि तो इतका बारीक की कुठल्याच भिंगात मावत नाही. त्याचे असंख्य जुळे भाऊ एकसारखे रांगेत उभे राहिले, त्यांचा स्फटिक झाला, तरच त्यावर क्ष-किरण टाकून त्याचा आकार काढता येतो. आणि प्रोटीनला रांगेत उभं करणं म्हणजे काय, हे लग्नाच्या पंगतीत पोरांना बसवणाऱ्यालाच कळेल.

पहिल्या वर्षी काहीच आलं नाही. काचेच्या टिकलीला खालून लटकलेले थेंब, त्यातलं पाणी हळूहळू उडणार, प्रोटीन दाटणार, आणि मग एखाद्या सकाळी काहीतरी चमकणार, ह्या आशेवर आपण रोज डोळे फोडत होतो. आणि एक दिवस चमकलं. केवढे मोठे, कंगोरे कसे धारदार. तू मला विचारलंसुद्धा नाहीस, सरळ जाऊन पेढे घेऊन आलीस. सगळ्या विभागाला वाटलेस, शिपायांना वाटलेस, हथखोजला जिथून आपण द्रव नायट्रोजन आणतो त्या गॅसवाल्यालाही स्वतः जाऊन देऊन आलीस. काकूंना फोन केलास. मग आपण तो स्फटिक किरणांखाली धरला आणि ते मीठ निघालं.

लाजेनं मी दोन दिवस कँटीनला गेलो नाही. तू मात्र त्याच दिवशी हथखोजला पुन्हा गेलीस, नायट्रोजन संपला होता म्हणून. गॅसवाल्याला तू स्वतःच सांगितलंस की तो पेढा फुकट गेला. तेव्हापासून तो तुला प्रत्येक वेळी विचारायचा, ‘‘मैडम, वो नमक वाला पेड़ा फिर कब खिला रही हो?’’ आणि सगळ्यात मोठ्यानं तूच हसायचीस.

त्या दिवसानंतर तू नियम केलास, मोडल्याशिवाय पेढा नाही. स्फटिक कितीही गोजिरा असो, आधी एक सुईखाली घ्यायचा. मीठ असलं तर कट्कन तुटतं, सुईला झटका बसतो, तुकडे उडतात. प्रोटीन असलं तर दाबताक्षणी कुस्करतं, खव्यासारखं. खरंखोटं कळायला एक तरी गमवावा लागतो, ह्याचं मला वाईट वाटायचं. तुला वाटायचं नाही. ‘‘जो मोडाले भेते त्याच्याजवळ मीठच राह्यते,’’ असं तू म्हणायचीस आणि सुई टोचायचीस.

आणि मग खरे स्फटिक आले. मोडून पाहिले, कुस्करले, पेढे वाटले. आपण आकार काढायच्या तयारीला लागलो, तेवढ्यात बाहेर देशातल्या एका गटानं त्याच एन्झाइमची रचना छापली. मी लेख वाचला आणि टेबलावर डोकं ठेवलं. तू माझ्या खांद्यावरून वाचलास, शेवटपर्यंत, चित्रांसकट.

‘‘कावून तोंड पाडून बसला गा?’’

‘‘ताई, संपलं आपलं.’’

‘‘काय संपलं? त्याईनं घर दाखवलं. आमाले तं पाहाचं हाय, पाहुना आल्यावर कारागीर काय करते.’’

रिकामं घर आणि पाहुणा आलेलं घर ह्यात फरक असतो, हे तू इतक्या सहज म्हणालीस की मला माझं डोकं उचलावं लागलं. एन्झाइम काही दगड नसतो. तुकडे आत आले की त्याच्या भिंती हलतात, एखादा पट्टा झाकणासारखा खाली येतो. आपल्याला तो क्षण हवा होता. पण खरे तुकडे दिले तर तो लगेच काम उरकून हात झटकणार, म्हणून दिसायला हुबेहूब पण कामाला निरुपयोगी असा एक तोतया रेणू घ्यायचा, तो कप्प्यात अडकवायचा आणि तसाच्या तसा स्फटिक करायचा. ठरलं. फक्त तोतया घातला की स्फटिक यायचेच बंद व्हायचे.

विभागप्रमुखांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते काही मूर्ख नाहीत. आता संगणकाला प्रोटीनमधल्या अमिनो आम्लांची माळ सांगितली की चहा होईपर्यंत तो आकार काढून देतो, आणि बऱ्याचदा तो आकार खरा असतो. ते तुला म्हणाले, ‘‘मैडम, अब तो कम्प्यूटर सब बता देता है। ये डिब्बे कब तक रखेंगे?’’ तू त्यांना आदरानं बसवलंस, पाणी दिलंस आणि हिंदीत समजावलंस की सर, संगणकाचं चित्र मी रोज बघते, फार उपयोगाचं आहे. ते गेल्यावर माझ्याकडे वळलीस. ‘‘नकाशा पाहून घरात कोन भांडून राह्यलं थे समजते का?’’ मी म्हटलं, ताई, काही वर्षांत तेही समजेल. तू म्हणालीस, ‘‘समजू दे. थ्या दिवशी मी पेढे वाटतो. तवापर्यंत थेंब लाव.’’

मग मिशीचा प्रकार आला. ह्या धंद्यात तो जुनाच आहे, तू काही शोधून काढला नाहीस, पण तू तो ज्या थाटात आणलास त्याला तोड नाही. आधीच्या खऱ्या स्फटिकांवरून एक बारीक ताठ केस फिरवायचा, म्हणजे त्यांची धूळ केसाला लागते, आणि तोच केस नव्या थेंबातून ओढायचा. ती धूळ बघून प्रोटीनला रांग कुठून सुरू करायची ते कळतं. दुधाला विरजण लावण्याचाच प्रकार. त्यासाठी मांजराच्या मिशीसारखा दुसरा केस नाही. तुझी मनी सोफ्यावर, गादीवर मिश्या गाळायची आणि तू त्या काजळाच्या रिकाम्या डबीत जमवायचीस. एकदा मी विचारलं, सरळ कापून का घेत नाहीस? तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी काकूंची वेणी कापायला सांगितलं. ‘‘तिले अंधारात थ्याच मिशीनं वाट समजते गा. पडन तवा घेऊ.’’

आपलं मोठं भांडण ह्यातूनच वाढलं. आता ते अर्धवटच राहिलं, तर निदान माझी बाजू इथे नीट लिहितो, कारण समोर असताना तू कधी पूर्ण करू दिली नाहीस. माझं म्हणणं असं की हे एन्झाइम झाडातून कापूनच टाकावं. आता जीन कापायच्या कात्र्या आहेत. कारागीरच नाही तर विष नाही, विष नाही तर काठ्या नाहीत. काकूंचे वडील डोळ्यांपुढे आणले की मला ह्यात दुसरी बाजूच दिसत नाही. तू म्हणायचीस, कापू नको, आवर. झाड हे विष उगाच बनवत नसेल. पाणी नसताना तग धरायला त्याचा उपयोग असेल, किडीला दूर ठेवायला असेल, अजून कोणाला धड माहीत नाही. ते माहीत नसताना उपटून टाकलंस आणि उद्या लाखोळी पाण्यावाचून यायचीच थांबली, तर ज्यांच्याकडे पाणी नाही त्यांनी काय पेरायचं? त्याच्या झाकणाचा पट्टा जरा ताठ कर, काम मंद होऊ दे, विष कमी होऊ दे, झाड जगू दे. त्यासाठी तो पट्टा बघायला हवा. म्हणून थेंब.

मी म्हणायचो, ताई, विषाशी तडजोड करतेस. तू म्हणायचीस, तुला मिशी कापायची सवयच आहे.

शेवटचं भांडण तुझ्या शेवटच्या दुपारी झालं, म्हणजे तू प्रयोगशाळेत आलीस त्या शेवटच्या दुपारी. तेव्हा कोणाला काय माहीत. तू काजळाच्या डबीतून मिशी काढलीस, जुन्या स्फटिकांवरून हलकेच फिरवलीस, आणि तोतया घातलेल्या थेंबातून ओढताना मी बोलत होतो म्हणून तुझा हात हलला. ‘‘चूप बस गा, रेघ वाकडी झाली,’’ एवढं म्हणालीस, टिकली उलटी केलीस, ट्रे कपाटात ठेवलास. रेघ ओढली की दोनतीन दिवसांत काय ते दिसतं, असं आपण धरून चालायचो. ते बघायला तू परत आलीच नाहीस. दुसऱ्याच सकाळी घराच्या पायऱ्या उतरताना तुझ्या छातीत कळ आली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा काकू बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात तुझा डबा होता, भरलेला.

आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती. मी एकदा कुठल्याशा भाषणात तुझे आभार मानले तेव्हा तू घरी येऊन विचारलंस, मी काही परकी आहे का. म्हणून मी पुन्हा कधी मानले नाहीत. आज मानतो, तुला आवडो न आवडो. न समजता मान हलवायची नाही, हे मला जगात कोणीच शिकवलं नसतं. आणि मला तुझा रागही आला आहे. इतक्या घाईनं जायचं काही कारण नव्हतं. भांडण माझ्या बाजूनं वळायला लागलं होतं.

सुई समोर आहे. मला भीती एकाच गोष्टीची वाटते. आपल्या तोतयात ऑक्झॅलेटचा अंश आहे, आणि तो कॅल्शियमला भेटला की मीठ व्हायला वेळ लागत नाही. मिठालाही ओरखड्यावर उगवायला आवडतं. म्हणजे ती ओळ तुझ्या हाताची असेल आणि तरी मीठ असेल. तसं निघालं तर ट्रे शनिवारी जाईल, कपाट जाईल, आणि तुझी रेघही जाईल.

इथवर लिहून थांबलो होतो. आता कुरुदहून परत आलोय, पुढचं सांगतो.

ओळीतला कुठला मोडायचा ह्यावर मी बराच वेळ घातला. वर गेलेलं टोक सोडलं. सुरुवातीचा एक निवडला, जिथे तुझा हात अजून हलला नव्हता. सुई टेकवली. दाबली. झटका आला नाही, ताई. कट् झालं नाही. तो सुईखाली सावकाश चुरला आणि पसरला, खव्यासारखा. मी दुसरीकडे बघितलं नाही.

प्रोटीन आहे. तोतया कप्प्यात बसलाय की नाही, झाकण खाली आलंय की नाही, ते किरणांखालीच कळेल, आणि ते मी आधीच बोलून ठेवत नाही. पण तोतया घातलेल्या थेंबात, जिथे काहीच येत नव्हतं, तिथे तुझ्या रेघेवर आपलं प्रोटीन रांगेत उभं आहे. विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं की कपाट शनिवारी मिळणार नाही. त्यांनी येऊन भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ‘‘लाइन मैडम ने खींची थी?’’ मी हो म्हटलं. ‘‘तो रहने दीजिए,’’ म्हणाले आणि निघून गेले.

बाकीचे स्फटिक गोठवायला नायट्रोजन हवा म्हणून हथखोजला गेलो. गॅसवाल्यानं माझ्या मागे बघितलं. ‘‘मैडम नहीं आईं?’’ त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यानं माझ्या हातातून कॅन घेतला, स्वतः भरला, गाडीपर्यंत आणून ठेवला. मी चावी लावली तेव्हा काचेवर टकटक केलं. ‘‘पेड़ा मत भूलना, भैया। उनकी तरफ़ से।’’

तिथून मी सरळ पेढे घेतले. घेताना डोक्यात काही नव्हतं, कुरुदच्या वळणावर मात्र लक्षात आलं की तुमच्या घरात सुतक आहे. तेरवी व्हायची आहे, घरात गोड शिजत नाही, आणि मी पेढ्यांचा पुडा घेऊन निघालोय. परत फिरावं असं वाटलं. पण त्या स्फटिकांची बातमी दुसऱ्या कोणाला आधी सांगणं मला जमण्यासारखं नव्हतं. पुडा पिशवीत खाली दडवला आणि आत गेलो.

काकू ओट्यावर बसल्या होत्या, मांजर त्यांच्या मांडीवर. तुझ्या फोटोजवळ दिवा होता. मी त्यांच्या पायाशी बसलो. म्हटलं, काकू, ताईनं जाता जाता एक रेघ ओढली होती, तिच्यावर ते आलं. त्यांना स्फटिक म्हणजे काय ते कधीच कळलं नाही आणि तू कळवायच्या फंदात पडली नाहीस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे बघितलं.

‘‘मोडून पाह्यलं का?’’

ताई, मला वाटलं तू बोललीस.

‘‘हाव काकू,’’ मी म्हटलं, ‘‘मोडून पाह्यलं. मीठ नाई.’’

‘‘मंग दे.’’

मी सुतकाचं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. ‘‘माह्या पोरीनं नेम केला होता. मोडून पाह्यलं तं पेढा.’’ मी पुडा काढला. त्यांनी एक पेढा घेतला, बोटांनी मधोमध मोडला, अर्धा तुझ्या फोटोपुढे ठेवला, अर्धा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या. डोळे वाहत होते, त्यांनी पुसले नाहीत.

मग म्हणाल्या, ‘‘तेरवीले तिच्या आवडीचं कराव लागन. मैत्रिनीकडे जाऊन खाये थे. मले समजत नव्हतं का?’’ त्यांनी मांजर मांडीवरून खाली ठेवलं. ‘‘बजारातून लाखोरी आन गा. थोडीशीच आन.’’

मी आणतो म्हटलं आणि उठलो. फोटोपुढचा अर्धा पेढा निघताना मी खाल्ला, तुझ्या वतीनं, काकूंच्या देखत. उद्या स्फटिक गोठवून नायट्रोजनच्या डब्यातून क्ष-किरणांकडे जातील. वर गेलेल्या टोकाचे तीन मी वेगळे ठेवले आहेत, ते मी कोणाला देणार नाही. झाकण खाली आलेलं दिसलं की आपलं भांडण पुन्हा सुरू. मी अजूनही कापायच्याच बाजूचा आहे, ताई. पण आधी पट्टा बघून घेतो.